डॉक्टरांच्या खोलीत मांडलेली आदोळी

मित्रांनो, माझं वय झालंय, पण धार गेलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी आदोळी. गोव्याबाहेर मला विळी म्हणतात. फणसाच्या लाकडाचा बुटका पाट, त्यावर वाकडं पातं आणि पात्याच्या टोकाला दात असलेलं एक गोल फूल. पात्यावर मासळी चिरायची, फुलावर नारळ खवायचा आणि बसायचंही माझ्यावरच. माझं बोलणं माझ्या पात्यासारखं आहे. कुणाला लागलं तर लागू दे.

माझा जन्म डिचोली तालुक्यात, साखळीच्या बाजूला. तिथे खाणीवर विठू नावाचा ट्रक ड्रायव्हर होता. त्याच्या ट्रकचा कमानपाटा मोडला, नवा बसवला, आणि मोडलेला तुकडा त्यानं भंगारात न टाकता लोहाराकडे नेला. ते पोलाद ठोकून ठोकून माझं पातं झालं. लाकूड त्याच्याच परसातल्या फणसाचं. मेस्त, म्हणजे आमच्याकडचा सुतार, म्हणाला, "विठू, बाजारात तयार मेळता रे, कित्याक इतकी खटपट?" विठू म्हणाला, "बाजारातली चार वर्सांनी हालपाक लागता. ही हालची ना. चलयेक दिवपाची आसा."

चली म्हणजे त्याची मुलगी, चंद्रावती. तिच्या लग्नात भांडीकुंडी, कपाट, देवाची समई आणि मी असे आम्ही सगळे एका टेम्पोत बसून पेडण्याला आलो. चोपडे गाव, शापोरा नदीच्या काठावर. घरात सासू सुशीला आणि नवरा गोकुळदास. सुशीलानं मला उतरवून घेतलं, अंगठ्यानं पातं तपासलं आणि अंगठ्यातून रक्त आलं. "बरी आसा," ती म्हणाली. सुशीलाच्या तोंडून एवढी स्तुती निघणं म्हणजे काय, ते तुम्ही तिच्या सुनेला विचारा.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. आमच्याकडे नारळाशिवाय दिवस उगवत नाही. सकाळच्या पातळ भाजीला नारळ, दुपारच्या हुमणाला, म्हणजे माशांच्या आमटीला, नारळ, सणाच्या नेवऱ्यांना, म्हणजे करंज्यांना, तर पोतंभर नारळ. चंद्रावती माझ्यावर बसायची ती उजवा पाय दुमडून आणि डावा गुडघा उभा पोटाशी घेऊन. मग पुढे वाकायची आणि दोन्ही हातांत वाटी धरून फुलावर फिरवायची. खाली परातीत सोय पडायची, म्हणजे खवलेलं खोबरं, अगदी कापसासारखं. शेजारची वत्सला चतुर्थीला मला मागायला यायची. चंद्रावती म्हणायची, "नारळ घेऊन हंयच ये, आदोळी भायर जाची नाय." वत्सला नाक मुरडून यायची, दोघी बसायच्या आणि गावातल्या निम्म्या लोकांची सोय माझ्याच साक्षीनं निघायची. पुढे गौरवी झाली, चंद्रावतीची मुलगी. रांगत यायची आणि परातीतली मूठ भरून तोंडात कोंबायची. चंद्रावती तिला कोपरानं मागे सारायची, पण हळूच एक मूठ स्वतःही द्यायची. मला माझं काम आवडायचं. कुणी माझी पूजा करावी, असं मला कधी वाटलं नाही. दसऱ्याला कुंकू लावत, तेवढं पुरे होतं.

गौरवी कॉलेजात जायला लागली, त्या सुमारास हे सुरू झालं. चंद्रावती माझ्यावर बसली, वाकली, नारळ फिरवू लागली आणि एकदम थांबली. चेहरा पिठासारखा पांढरा. कपाळावरून घाम असा आला की परातीत टपटपला. हात थरथरत होते. माझा पाट तिच्या अंगाखाली होता, म्हणून मला कळलं: आत काळीज असं आपटत होतं, जसं कुणी बंद दारावर दोन्ही मुठींनी मारतंय. ती डोकं धरून बसली. थोड्या वेळानं सगळं ओसरलं, आणि ती भिंतीला टेकून ओल्या फडक्यासारखी पडून राहिली.

"काय झाला गो?" सुशीलानं आतून विचारलं.

"काय नाय. जरा धडधडला."

"मगे नारळ पुरो कर. वायच उशीर झालो आसा."

आणि चंद्रावतीनं नारळ पुरा केला. मित्रांनो, मला ह्याच गोष्टीचा राग आहे. तिनं नारळ पुरा केला, आणि नंतर कितीतरी वर्षं करतच राहिली.

वाकून केर काढताना, घागर उचलतानाही कधीमधी तसं व्हायचं. पण माझ्यावर बसली की हटकून. ती दवाखान्यात गेली नाही असं नाही. गेली. बस पकडून गेली, बाकावर तासभर बसली, मग तिला खुर्चीवर ताठ बसवून हाताला पट्टा गुंडाळला. प्रेशर बरं निघालं. बरं निघणारच! तोवर सगळं शांत झालेलं. "टेन्शन घेता तुम्ही," त्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या वेळी प्रेशर थोडं चढलेलं निघालं, तर एक गोळी दिली. तिसऱ्या वेळी म्हणाले, पाळी जायचं वय आलंय. बाईमाणसाच्या दुखण्याला आपल्याकडे नावं फार कमी आहेत. वय, टेन्शन, नाहीतर नाटक. ह्यातलं एक चिकटवलं की पुढचा पेशंट बोलवायला मोकळे.

घरातले तरी काय वेगळे? गोकुळदास मोपाच्या विमानतळावर सफाईचा सुपरवायझर. माणूस वाईट नाही. शिफ्टवरून आला की बायकोसाठी बेकरीतले गरम उंडे, म्हणजे गोल पाव, आणायचा, आणि उंडे हातात देता देता म्हणायचा, "जास्ती विचार करू नको गो." विचार! तिचं काळीज घण घालतंय आणि हा म्हणतो विचार करू नको. सुशीलाचं तर विचारूच नका. "आमच्या वेळार आमका धडधडूक वेळ नाय होतो," हे तिचं ठरलेलं वाक्य.

शेवटी वत्सलेनं शोध लावला. ती एकदा समोर बसलेली असताना चंद्रावतीला तो झटका आला. वत्सला घाबरून उठली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सुशीलाबाय, बघलंस? हिच्यार बसला काय जाता. हिच्यात काय तरी आसा."

झालं. दुसऱ्याच दिवशी सुशीला घाडी लोकांच्या वाड्यावर जाऊन आली. गावातला घाडी देवाला कौल लावतो, तांदूळ मांडतो, बाधा कुठून आली ते सांगतो. त्यानं विचारलं, आदोळी कुठची? सुशीलानं सांगितलं, सुनेच्या माहेरची, खाणीवरच्या ट्रकच्या लोखंडाची. मग काय, त्याला एवढं पुरे झालं. त्या ट्रकाखाली कोणीतरी मेलेलं आहे, लोखंडानं रक्त प्यालेलं आहे, ही वस्तू जिथून आली तिथं परत पाठवा.

मित्रांनो, विठूच्या ट्रकाखाली कोंबडीसुद्धा कधी आली नव्हती. पण वस्तूला कोण विचारतो? मला स्वयंपाकघरातून उचललं आणि मागच्या मांगरात, म्हणजे लाकडांच्या खोपीत, नारळाच्या सोडणांत नेऊन टाकलं. माझ्या जागी नवीन मिक्सर आला, आणि पिशवीतून तयार सोय येऊ लागली. पात्यावर गंज चढायला लागला. चंद्रावती एकदा लाकडं न्यायला आली, मला पाहिलं आणि पदरानं पातं पुसलं. "बाबांनी दिलेली गो तुका," एवढंच म्हणाली. विठू तोवर वारला होता. भर दुपारी ट्रकमधून उतरला, घामाघूम झाला आणि खाली बसला तो उठलाच नाही. ऊन लागलं, असं लोक म्हणाले.

मी मांगरात गेल्यावर झटके थोडे कमी झाले, आणि सुशीलाला वाटलं, घाडी जिंकला. पण बंद झाले नाहीत. तेव्हा गौरवीनं आईला एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथं पोटाची सोनोग्राफी झाली आणि गर्भाशयात एक बारीक गाठ सापडली. लिंबाएवढी. सगळ्या घरानं सुटकेचा निःश्वास सोडला! इतक्या वर्षांनी शत्रू मिळाला! गर्भाशय काढून टाकू, सगळं थांबेल, असं त्या दवाखान्यानं सांगितलं आणि चतुर्थीनंतरचा मंगळवार दिला. तेवढी एका हृदयाच्या डॉक्टरांकडून फिटनेस आणा म्हणाले, म्हणजे भूल द्यायला हरकत नाही असा सही केलेला कागद.

आता गंमत ऐका. फिटनेससाठी म्हापशाला जायचं होतं. म्हापशाहून पुढे साखळीची बस मिळते. सुशीलानं हिशेब केला: एका फेरीत दोन कामं. आधी सुनेचा कागद, मग पुढे साखळीला जाऊन आदोळी सुनेच्या भावाच्या घरात ठेवून यायची. जिथून आली तिथं. मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं, कापडी पिशवीत घातलं, आणि अशी मी आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर क्षमा. वयानं लहान, डोळ्यांवर मोठा चष्मा. तिनं चंद्रावतीला तपासलं. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, कागद बराच वेळ पाहत राहिली. प्रेशर थोडं वर होतं, पण घाबरण्यासारखं नाही. पेन उचललं सुद्धा. एवढ्यात तिचा पाय पिशवीला लागला आणि माझं पातं लुगड्यातून बाहेर आलं.

"आजये, ह्या काय हाडलंस? माका मारूक येवजिलंस काय?"

"नाय गो बाये," सुशीला म्हणाली. "हीच ती. हिच्यार बसला काय हिका जाता. दोतोरांक खोटा दिसता, पण खरा सांगतंय. घाम, धडधड, तोंड पांढरा. खुर्चेर बसला काय काय नाय. हिच्यात बाधा आसा."

डॉक्टर हसली. मग हसता हसता थांबली. तिनं पेन खाली ठेवलं.

"दर खेपेक?"

"दर खेपेक."

"बसून दाखय मगे. कशी बसतंस तां बघूया."

मला फरशीवर मांडलं. बाहेर सगळे पेशंट वाकून बघायला लागले. एकानं विचारलं, आत मासळी मिळते काय. चंद्रावती लाजली, साडी सावरली आणि बसली. उजवा पाय दुमडला, डावा गुडघा पोटाशी घेतला, पुढे वाकली. हातात नारळ नव्हता. तिनं नुसते हात फिरवले.

आणि आलं. मला तिच्याआधी कळलं. आत त्या मुठी दारावर आपटायला लागल्या. डॉक्टरनं तिचा चेहरा पाहिला आणि खुर्ची मागे लोटून उठली. तिला उचलून खाटेवर आडवं केलं, हाताला पट्टा गुंडाळला. यंत्राचा आकडा चढत गेला, दोनशेच्या पार. कुणी हसत नव्हतं. असं मुद्दाम करून बघायचं नसतं, हे डॉक्टरनंच नंतर सांगितलं. तिला फक्त बसण्याची रीत बघायची होती. इतकं येईल, हे तिला वाटलं नव्हतं. ती चंद्रावतीचा हात धरून उभी राहिली, आकडा उतरेपर्यंत.

"म्हटलंय नाय मी!" सुशीला म्हणाली. आवाजात विजय होता आणि डोळ्यांत पाणी.

"आजये, ह्या कागदार मी सही करूची नाय," डॉक्टर म्हणाली. "आनी त्या मंगळवारी ऑपरेशन जावचा नाय. भूल दिली आसती तर ही टेबलार गेली आसती."

सुशीला मटकन खाली बसली. कुठे? माझ्यावरच. मग दचकून उठली.

मित्रांनो, डॉक्टरनं पुढे जे समजावलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. पिसाळलेला कुत्रा मागे लागला की ती रक्तात एक रस सोडते. काळीज जोरात पळायला लागतं, नसा आवळतात, आणि तुम्ही कुंपणावरून उडी मारता. काम चांगलं आहे तिचं. पण कुणाकुणाच्या त्या ग्रंथीत गाठ होते. मग कुत्रा नसताना रस सुटतो. पोटाला दाब आला, वाकलं, जड उचललं की सुटतो. नळाच्या तोंडावर बोट दाबून पंप चालू ठेवा, तसं होतं. नसा आवळलेल्या आणि काळीज त्यांच्यावर जोर काढतंय. वर्षानुवर्षं असं झालं की काळजाची भिंत जाड होते. जाड झाली म्हणजे मजबूत झाली, असं समजू नका. जाड काळीज ताठर होतं, थकतं आणि एक दिवस बंद पडतं. कधी डोक्यातली नस फुटते. आणि ही गाठ ठाऊक नसताना दुसऱ्याच कारणासाठी भूल दिली, पोट उघडलं, तर रस असा उसळतो की माणूस परत येत नाही. असे आजारी लोक फार नसतात. म्हणूनच कुणाच्या डोक्यात येत नाही.

डॉक्टरनं विचारलं, घरात आणखी कोणाला असं व्हायचं? चंद्रावतीनं माझ्या पात्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबांक." आणि रडायला लागली.

साखळीची बस आम्ही धरली नाही. निघताना डॉक्टर सुशीलाला म्हणाली, "हिका खंय टाकू नकात. हिच्यामुळे कळला." सुशीलाला ते पटलं नाही. बाधा नाही, हे तिनं मान्य केलं नाही ते आजतागायत. पण मला मांडीवर घेऊन बसली परतीच्या बसमध्ये. पातं बाहेरच्या बाजूला करून.

त्यानंतर घरात जे चाललं, ते बघायला हवं होतं. दिवसरात्रीची सगळी लघवी एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवून तपासायला द्यायची होती. कॅन कुठे ठेवायचा ह्यावरून सुशीलानं रणकंदन केलं. "देवाच्या घरात मुताचो कॅन!" मग स्वतःच तो न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवला आणि मांजर पाडेल म्हणून राखत बसली. तपासणीत रस भरपूर निघाला. स्कॅनमध्ये गाठ दिसली, डाव्या मूत्रपिंडाच्या माथ्यावर. गर्भाशयातली ती लिंबाएवढी गाठ बिचारी काहीच करत नव्हती. अजूनही आत आहे, सुखानं.

हृदयाची सोनोग्राफीही झाली. भिंत जाड झालेली. गौरवीनं तो कागद वडलांसमोर धरला आणि म्हणाली, "बाबा, ह्या विचार करून जायत नाय." गोकुळदास उठून मागच्या परसात गेला आणि बराच वेळ नारळाच्या झाडाला टेकून उभा राहिला.

ऑपरेशन लगेच करता येत नव्हतं. आधी दोन-तीन आठवडे आवळलेल्या नसा सैल करायच्या गोळ्या. त्या घेऊन चंद्रावतीचं नाक चोंदायचं, उठली की चक्कर यायची. नसा मोकळ्या होतील तसं त्यांत पाणी भरायला हवं, म्हणून गोळ्या लागू झाल्यावर डॉक्टरनं सांगितलं, हिला भरपूर पाणी द्या आणि मीठ घालून पेज द्या. सुशीलाचा विश्वासच बसेना. तिनं स्वतः फोन लावला.

"बाये, सगळे दोतोर प्रेशराक मीठ बंद करतत. तू घाल म्हणतंस?"

"घाल आजये. हिका, आनी आतांच. तू खाव नको."

"माझ्या मिठार तुझो डोळो कित्याक गो?" असं म्हणून तिनं फोन ठेवला, पण पेज स्वतः शिजवली. वर लोणच्याचा खार. सुनेच्या समोर कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत उठायची नाही. "गीळ," म्हणायची. सासूचं प्रेम आमच्याकडे असंच बोलतं.

ती चतुर्थी ह्यातच आली. तयार सोय नेवऱ्यांना चालत नाही, ती ओलसर असते. मग माझ्यावर बसायचं कोणी? सुशीलाचे गुडघे गेलेले, गौरवी आईच्या तपासण्यांचे कागद आणायच्या फेऱ्यांत. गोकुळदास बसला. एवढा मोठा पुरुष माझ्यावर बसला तेव्हा माझा पाट करकरला. पहिल्या वाटीत करवंटीचा भुगा पडला. दुसऱ्या वाटीत बोट गेलं. पाठीला कळ लागली म्हणून तो उठला तेव्हा परातीत मूठभर सोय होती, तीही तपकिरी.

खाटेवरून चंद्रावती म्हणाली, "अहो, जास्ती विचार करू नकात."

तिला इतक्या दिवसांनी हसताना मी पाहिलं. गोकुळदासही हसला, पण मग तसाच तोंड फिरवून बोट धूत राहिला. घरात जन्मभर सोय खाल्लेल्या माणसाला ती कशी निघते ते त्या दिवशी कळलं. फार उशिरा कळलं, हे मी त्याला सुनावलं असतं, पण मला जीभ असून आवाज नाही.

ऑपरेशनचा दिवस उजाडला. पणजीजवळच्या मोठ्या सरकारी इस्पितळात गोकुळदास आणि गौरवी होते. घरी सुशीला एकटी आणि मी. तिनं चूल पेटवली नाही. देवापुढे बसली, उठली, खिडकीशी गेली, परत आली. मग माझ्यासमोर येऊन बसली. खोबरेल तेलाचं फडकं घेतलं आणि माझ्या पात्याचा गंज घासायला लागली. आधी हळू, मग जोरात.

"तिका परत येव दी," ती मला म्हणाली. "तुझ्यात काय तां आसा नसा, माका काय पडूक नाय. पण तिका परत येव दी."

मी काय करणार? मी चकाकले. तेवढंच माझ्या हातात होतं.

दुपार कलली तेव्हा फोन वाजला. सुशीलाच्या हाताला तेल, फोन निसटला, परत उचलला. गौरवी बोलत होती आणि रडत होती, त्यामुळे आधी काही कळेना. गाठीला हात लावला तेव्हा प्रेशर खूप चढलं. डॉक्टर तयार होते, औषध हातात होतं. गाठ काढल्यावर एकदम उतरलं, त्यालाही तयार होते.

"आनी काळीज?" सुशीला ओरडली. "तिचा काळीज?"

"चलता गो आजी. बरा चलता."

सुशीलानं फोन खाली ठेवला आणि तेलकट हातांनीच तोंड झाकलं.

चंद्रावती घरी आली. कितीतरी दिवस तिला वाकायची, उचलायची मनाई होती. झटका एकही आला नाही. पण सगळं मिटलं असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. काळजाची भिंत हळूहळू उतरते आहे, पूर्ण उतरेल की नाही ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. एक गोळी चालू आहे. वर्षातून एकदा रक्त तपासायचं, कारण अशी गाठ पुन्हा येऊ शकते. आणि हा आजार घराण्यात उतरू शकतो, म्हणून गौरवीचंही रक्त तपासलं. त्यात काही निघालं नाही. विठूचं कुणी कधी तपासलं नाही. त्याला ऊन लागलं होतं म्हणे.

मग डॉक्टरनं मोकळीक दिली. सगळं घर स्वयंपाकघरात जमलं. वत्सलाही आली, दारात उभी राहिली, लांबच. चंद्रावतीनं मला मांडलं.

"ऊठ, मी करतंय," सुशीला म्हणाली.

"तुमी बसल्यात तर तुमका उठवूक क्रेन हाडूची लागात. गप रवा."

ती बसली. उजवा पाय दुमडला, डावा गुडघा पोटाशी घेतला, वाकली. वाटी फुलावर टेकली. घरात कुणी श्वास घेईना. मी मात्र ऐकत होते. आत टक टक चाललं होतं, शांत, जसं कुणी दुसऱ्या खोलीत आपल्या कामात आहे. सोय पडायला लागली, पांढरी, कापसासारखी.

निम्मी वाटी झाली आणि चंद्रावती थांबली.

सुशीला पुढे धावली. गोकुळदासनं तिचा दंड धरला. "काय झाला? धडधडता? घाम इलो?"

"नाय," चंद्रावती म्हणाली. "कंटाळो इलो."

आणि उठली. अर्धा नारळ परातीत ठेवला, हात धुतले आणि अंगणात वाऱ्याला जाऊन बसली. सुशीलानं तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं ते वाक्य तिच्या ओठावर आलेलं मला दिसलं. पण ती ते बोलली नाही. जेवढी सोय होती तेवढी उचलली आणि वाटायला घेतली.

मित्रांनो, मी वस्तू आहे. मला तेल लावा, कोरडी ठेवा, पावसात टाकू नका, एवढंच मला स्वतःसाठी मागायचं आहे. बाकीचं मागणं तुमच्या आईसाठी आहे. ती काम करता करता थांबली, पांढरी पडली, छातीवर हात ठेवला, तर तिला वय सांगू नका, विचार करू नको म्हणू नका, माझ्यासारख्या वस्तूत भूत शोधू नका. ती काय करत होती, कशी बसली होती, काय उचललं होतं ते बघा, आणि डॉक्टरला जाऊन तेच सांगा. ते हसले तर पुन्हा सांगा. आणि आई नुसती कंटाळली असेल, तरी उठू द्या तिला अर्धा नारळ टाकून. हुमण पातळ होईल. पातळ हुमण खाऊन कोणी मेलेलं मी अजून पाहिलेलं नाही.